विमानाला ॲव्हरेज किती?

आपल्याकडे कुणीही नवी गाडी घेतली की पेढा तोंडात टाकता टाकता पहिला प्रश्न येतो, "ॲव्हरेज किती देते?" रंग, पिकअप, एअरबॅग वगैरे मंडळी रांगेत मागे. या प्रश्नाला लोक कंजूषपणा म्हणून हसतात, पण मला तो फार आवडतो. त्या एका आकड्यात इंजिन, वजन, गाडीचा आकार आणि चालवणाऱ्याचा पाय असे चारही आरोपी एकदम सापडतात.

गेले दोन-तीन वीकेंड मी हाच प्रश्न घेऊन एका भलत्याच वाहनाच्या मागे लागलोय. घरी बांधलेली विमानं! खेळण्यातली नव्हेत, माणूस आत बसून उडतो ती. अमेरिकेत हा रीतसर छंद आहे. तिथे 'एक्सपरिमेंटल, ॲमॅच्युअर-बिल्ट' नावाचा सरकारमान्य वर्गच आहे आणि त्याची मुख्य अट अशी की विमानाचं निम्म्याहून जास्त काम हौस म्हणून किंवा शिकण्यासाठी स्वतः केलेलं असलं पाहिजे. १९५३ मध्ये पॉल पोबेरेझ्नी नावाच्या माणसाने मिलवॉकीजवळ अशा हौशी लोकांची एक संघटना काढली, एक्सपरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन. आज या मंडळींनी एकट्या 'व्हॅन्स' कंपनीच्या आराखड्यांवरून बांधून उडवलेल्या विमानांची संख्या दहा हजारांच्या पुढे गेली आहे.

लाकूड कापून पंखाच्या फासळ्या करता येतात. कापड ताणून शिवता येतं, ॲल्युमिनियमच्या पत्र्याला रिव्हेट मारता येतात, फोमवर काचेचं कापड आणि रेझिन चोपडता येतं. इंजिन मात्र घरी करता येत नाही. आमच्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर पंख, शेपूट, कॉकपिट हा तुमचा स्वतःचा कोड आणि इंजिन म्हणजे दुसऱ्या कुणीतरी लिहिलेली लायब्ररी. ती मुळात वेगळ्याच कामासाठी लिहिलेली असते, आणि तिच्यातला बग तुम्हाला बहुतेक प्रॉडक्शनमध्येच कळतो. फरक इतकाच की इथे प्रॉडक्शन जमिनीपासून हजार मीटर वर असतं.

माझा मुद्दा आधीच सांगून टाकतो. या छंदाच्या जवळजवळ शंभर वर्षांच्या इतिहासात ॲव्हरेज इंजिनाने फारसं दिलेलं नाही. ते दिलं विमानाच्या आकाराने आणि वैमानिकाच्या हाताने. इंजिनाच्या निवडीने ठरवलं ते दुसरंच काहीतरी: विमान उडणार की गॅरेजातच राहणार, आणि उडालं तर त्यातला माणूस घरी परत येणार का.

फोर्डचं इंजिन आणि एक हट्टी मेकॅनिक

मिनेसोटा राज्यात चेरी ग्रोव्ह नावाचं एक खेडं आहे. तिथे बर्नार्ड पीटनपोल हा स्वतःच्या हिमतीवर शिकलेला मेकॅनिक राहायचा. १९२० च्या दशकात त्याला विमान हवं होतं आणि विमानाचं इंजिन परवडत नव्हतं. त्याने आजूबाजूला बघितलं. खेड्यात सगळ्यात मुबलक मिळणारं इंजिन कुठलं? फोर्ड मोटारीचं. १९२९ मध्ये त्याने 'मॉडेल ए'चं इंजिन लावून आपलं लाकडी दोन सीटचं विमान उडवलं, नाव 'एअर कॅम्पर'.

त्या काळी एका लोकप्रिय तांत्रिक मासिकाचे संपादक वेस्टन फार्मर यांचं मत होतं की मोटारीच्या इंजिनावर विमान चालणार नाही. पीटनपोलने पत्रापत्री करण्याऐवजी आपली विमानं उडवत मिनियापोलिसकडे नेली आणि संपादकसाहेबांना दाखवली. (डेमो हा प्रकार तेव्हाही मेलपेक्षा भारी होता.) पुढे १९३२ मध्ये त्याच प्रकाशनाच्या 'फ्लाइंग अँड ग्लायडर मॅन्युअल'मध्ये एअर कॅम्परचे आराखडे छापून आले. त्यावरून लोक आजही हे विमान बांधतात.

त्या फोर्ड इंजिनाची क्षमता होती सुमारे ३.३ लीटर, आणि शक्ती साधारण ४० हॉर्सपॉवर, २२०० आरपीएमला. आपल्याला हे हास्यास्पद वाटतं. सव्वातीन लीटरमध्ये चाळीस? पण नेमका हाच मंदपणा विमानाच्या कामी आला.

प्रोपेलरला वेगात फिरायला आवडत नाही. पात्यांची टोकं ध्वनीच्या वेगाजवळ गेली की शक्ती पुढे ढकलण्यात न जाता आवाज करण्यात जाते. त्यामुळे छोट्या विमानाचा प्रोपेलर साधारण २५०० ते २८०० आरपीएमच्या आसपास खूश असतो. फोर्डचं इंजिन त्याच्याही खालीच चालायचं, म्हणून प्रोपेलर थेट क्रँकशाफ्टला बोल्टने कसला की झालं. मध्ये गिअर नाही, पट्टा नाही. बोजड, पाण्याने थंड होणारं, वैमानिकाच्या नजरेसमोर उभा रेडिएटर, पण साधं. आणि पीटनपोलने विमानच त्या इंजिनाभोवती आखलं होतं. रुंद पंख, कमी वेग, शेतात उतरता येईल असं.

म्हणजे त्याने आधी इंजिन ठरवलं आणि मग विमान. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मोटारीचं इंजिन विमानात गेलं की

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात आणि मग अमेरिकेतही हौशी मंडळींना नवा फोर्ड सापडला, तो म्हणजे फोक्सवॅगन बीटल. चार सिलिंडर समोरासमोर आडवे, हवेने थंड होणारं, हलकं आणि भंगारवाल्याकडेही मिळणारं. १९७१ चं जॉन मॉनेट यांचं 'सोनेराय' किंवा १९७२ मध्ये उडालेलं केन रँड यांचं 'केआर-१' ही त्या काळातली लाडकी विमानं याच इंजिनावर बेतलेली. शेव्हरोलेच्या कॉर्व्हेअर मोटारीचं सहा सिलिंडरचं इंजिनही असंच विमानात शिरलं, आणि १९६० च्या दशकात ते आपल्या एअर कॅम्परला लावणाऱ्यांत खुद्द पीटनपोल होता!

आता कुणी म्हणेल, मोटारीची इंजिनं एवढी स्वस्त आणि चांगली, तर सगळेच ती का नाही लावत? कारण दोन्हीकडचं काम वेगळं आहे.

तुमची शंभर हॉर्सपॉवरची गाडी एक्सप्रेसवेवर ताशी ९० ने जाते तेव्हा इंजिन जेमतेम पाव शक्ती वापरत असतं. पूर्ण शक्ती लागते ती ट्रकला ओव्हरटेक करताना, दहा-पंधरा सेकंद. विमानाचं इंजिन उड्डाण करताना पूर्ण शक्तीवर आणि त्यानंतर तासन् तास ६५ ते ७५ टक्क्यांवर चालतं. म्हणजे आयुष्यभर खंडाळ्याचा घाट, लोणावळा कधी येतच नाही.

दुसरी गोष्ट, आधुनिक मोटारीचं इंजिन आपली शक्ती ५०००-६००० आरपीएमला देतं. ती प्रोपेलरला द्यायची तर मध्ये गिअर किंवा पट्टा हवा. आणि इंजिन एकसारखं फिरत नसतं, प्रत्येक स्फोटाला शाफ्टला एक पीळ बसतो. गिअर, शाफ्ट आणि जड प्रोपेलर यांची स्वतःची एक लय असते. ती या धक्क्यांशी जुळली की शाफ्ट मुरगळून तुटतात. बऱ्याच हुशार लोकांची मोटार-इंजिनं स्वतः बिघडली नाहीत, त्यांना प्रोपेलरशी जोडणारा तुकडा बिघडला. आमच्याकडेही दोन चांगल्या सिस्टिम जोडणारा इंटरफेसच रडवतो, तसंच.

म्हणूनच काँटिनेंटल आणि लायकॉमिंग या दोन अमेरिकन कंपन्यांची जुनाट इंजिनं अजून टिकून आहेत. काँटिनेंटलचं ओ-२०० घ्या. क्षमता जवळपास तीच, फोर्ड मॉडेल ए इतकी, ३.३ लीटर. शक्ती १०० हॉर्सपॉवर, २७५० आरपीएमला. हवेने थंड होणारं, एका सिलिंडरला दोन प्लग, बॅटरी मेली तरी चालू राहणारे दोन मॅग्नेटो. बॉनेट उघडून बघितलं तर ट्रॅक्टर वाटेल. पण ते मुळात याच कामासाठी केलेलं आहे.

एकच इंजिन, दोन विमानं

आता ॲव्हरेजकडे येऊ. पेट्रोल इंजिन किती खातं हे मोजायची सोपी पद्धत म्हणजे एक हॉर्सपॉवर एक तास काढायला किती इंधन लागलं. ओ-२०० सारख्या इंजिनाला साधारण २०० ते २३० ग्रॅम लागतात. चांगलं ट्यून केलेलं, नव्या पद्धतीचं इंजिन यात पंधरा-वीस टक्के वाचवेल. निम्म्यावर कुणी आणू शकत नाही, पेट्रोलमधल्या उष्णतेचं गणितच तसं आहे.

ओ-२०० हे इंजिन सेसना १५० मध्ये असायचं. जगभरच्या हजारो वैमानिकांनी ज्यावर पहिले धडे गिरवले ते हे विमान. ७५ टक्के शक्तीवर ते ताशी १९५ किलोमीटरच्या आसपास जातं आणि तासाला २३ लीटरच्या आसपास पेट्रोल पितं. म्हणजे लीटरला साडेआठ किलोमीटर.

१९७० च्या दशकात बर्ट रुटान नावाच्या तिशीतल्या एका एरोनॉटिकल इंजिनियरने मोहावीच्या वाळवंटात 'व्हेरीईझी' नावाचं विमान केलं. फोम आणि काचतंतूचं, छोटी शेपूट नाकाशी आणि इंजिन पाठीमागे. पहिला नमुना मे १९७५ मध्ये फोक्सवॅगन इंजिनावर उडाला आणि त्याच उन्हाळ्यात बर्टचा भाऊ डिक याने ऑशकॉशच्या मेळाव्यात त्यावर २६०० किलोमीटरहून जास्त न थांबता उडून आपल्या वजनगटातला विक्रम केला. पण लोकांना बांधण्यासाठी जी आवृत्ती दिली, तिला बर्टने इंजिन निवडलं ते हेच ट्रॅक्टरछाप ओ-२००.

त्याच इंजिनावर, तेवढंच पेट्रोल पिऊन, व्हेरीईझी ताशी २९० च्या आसपास जाते. लीटरला साडेबारा किलोमीटर. इंजिनात एक स्क्रूही बदललेला नाही! फरक सगळा बाहेरचा: निम्म्याच्या आसपास वजन, गुळगुळीत कातडी, माणूस झोपल्यासारखा बसलेला, हवेला अडवायला काही नाही. इंजिन बदलून वीस टक्के मिळवायला जन्म जातो, आकार बदलून जवळजवळ पन्नास टक्के मिळाले.

हा माणूस लोकांसाठीच्या इंजिनाच्या बाबतीत इतका सनातनी का, हे समजायला तो आधी कुठे नोकरी करत होता ते बघावं लागतं.

पाच हजार विमानं, इंजिन नाही

१९७० च्या सुमाराला जिम बीड या अमेरिकन डिझायनरने 'बीडी-५' जाहीर केलं. एका माणसाचं, गोळीसारखं, छोट्याशा इंजिनावर ताशी ३०० च्या पुढे जाईल असं सांगितलेलं. दिसायला इतकं देखणं की लोक वेडे झाले. तुम्ही हे विमान बहुतेक पाहिलंय. १९८३ च्या 'ऑक्टोपसी'त, म्हणजे ज्यात उदयपूर आणि आपला कबीर बेदी आहे त्या बाँडपटात, सुरुवातीलाच जेम्स बाँड घोड्याच्या गाडीतून जे पिटुकलं जेट काढून पळतो ती याच बीडी-५ ची जेट आवृत्ती.

पण घरी बांधायच्या आवृत्तीत जेट नव्हतं, पिस्टन इंजिन होतं. आणि नेमकं कोणतं, हे शेवटपर्यंत ठरेना.

सुरुवात बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाइलच्या टू-स्ट्रोक इंजिनाने झाली. टू-स्ट्रोक निवडण्यात तर्क होता, वजनाच्या मानाने शक्ती भरपूर. पण आपल्यापैकी ज्यांनी आरएक्स-१०० किंवा वडिलांची जुनी स्कूटर चालवली आहे त्यांना दुसरी बाजू माहीत आहे: न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधून धुरासोबत बाहेर, आणि तेलाचं प्रमाण जरा हुकलं की पिस्टन जाम. स्कूटरचा पिस्टन जाम झाला की माणूस ती ढकलत गॅरेजला नेतो. इथे तो पर्याय नव्हता.

शिवाय इंजिन वैमानिकाच्या पाठीमागे आणि प्रोपेलर थेट शेपटीशी. मध्ये पट्टा आणि लांब शाफ्ट. म्हणजे मघाशी सांगितलेला पिळाचा रोग इथे वाढून ठेवलेला. एकामागून एक इंजिनं तपासली गेली. शेवटी हिर्थ या जर्मन कंपनीचं इंजिन नक्की झालं, आणि १९७४ मध्ये ती कंपनीच बुडाली. मग जपानी झेनोआ कंपनीकडे धाव घेतली. तोवर पाच हजारांहून जास्त लोकांनी किट विकत घेतले होते. पंख, पत्रे, काच, चाकं सगळं घरी आलं, फक्त इंजिन आलं नाही. मग बीडची कंपनीही बुडाली.

जरा विचार करा. पाच हजार घरं. प्रत्येक घरात कुणीतरी दोन-तीन वर्षं रात्री जागून रिव्हेट मारलेले, बायकोपोरांचे वीकेंड घालवलेले, आणि गॅरेजात एक अतिशय सुंदर, पूर्ण झालेली, निरुपयोगी वस्तू. काहींनी हिंमत करून होंडा मोटारीचं किंवा हाताला लागेल ते इंजिन बसवलं. आपापल्या परीने जुळवलेल्या या विमानांपैकी बरीच पहिल्या काही उड्डाणांतच पडली, माणसं गेली. आपण सहज म्हणतो, "ते मॉड्यूल नंतर बघू, तोवर बाकीचं करून ठेवा." बीडी-५ म्हणजे त्या वाक्याची मोजलेली किंमत आहे.

आणि १९७२ ते १९७४ या काळात बीडच्या कॅन्सस राज्यातल्या कारखान्यात उड्डाण-चाचण्यांचं काम बघणारा तरुण इंजिनियर होता बर्ट रुटान. त्याने हे सगळं जवळून पाहिलं, नोकरी सोडली आणि मोहावीला जाऊन व्हेरीईझी केलं.

जनरेटरवर उडणारं विमान

बरोबर उलट्या क्रमाची गोष्ट पण मोहावीचीच आहे. जीन शीहान आणि टॉम ज्यूएट या दोघांना कमीत कमी शक्तीवर उडणारं एका माणसाचं विमान करायचं होतं. त्यांनी विमानाचं चित्र काढलंच नाही. आधी इंजिन शोधत बसले. अट एकच, लहान पण न रुसणारं. ते सापडलं ओनान कंपनीचं, फोर-स्ट्रोक, दोन सिलिंडरचं, जनरेटरला वगैरे लागणारं औद्योगिक इंजिन. लग्नाच्या मांडवामागे रात्रभर धडधडत असतं ना, त्याच जातीतलं. शक्ती १८ हॉर्सपॉवर. आपल्या साध्या मोटरसायकलीएवढी!

ते इंजिन घेऊन ते बर्टकडे गेले आणि म्हणाले, याच्याभोवती विमान काढून दे. त्यातून आलेलं 'क्विकी' नोव्हेंबर १९७७ मध्ये उडालं. रिकामं वजन ११० किलोच्या आत. अठरा हॉर्सपॉवरवर ताशी १६० च्या पुढे जायचं, आणि जाहिरातीतला दावा होता गॅलनला शंभर मैलांपर्यंत, म्हणजे लीटरला ४२ किलोमीटर. हा आकडा आपल्या बाइकलाही लाजवेल.

गंमत म्हणजे ओनान हे इंधनाच्या बाबतीत काही ग्रेट इंजिन नव्हतं. शक्तीच्या मानाने जडही होतं. क्विकीचं ॲव्हरेज आलं ते विमानाला मुळात शक्तीच कमी लागत होती म्हणून. अर्थात फुकट काही मिळत नाही. अठरा हॉर्सपॉवरवर चढण मंद, आणि उकाड्यात, उंचावरच्या धावपट्टीवर तर फारच मंद. बऱ्याच मालकांनी नंतर मोठी इंजिनं बसवली. पण 'इंजिन कुठलं?' या प्रश्नावाचून एकही क्विकी गॅरेजात अडकलं नाही.

पेट्रोलची टाकी, तिला पंख

या सगळ्या विचाराचं टोक म्हणजे 'व्हॉयेजर'. न थांबता, हवेत इंधन न भरता जगप्रदक्षिणा. डिझाइन बर्टचं, वैमानिक डिक रुटान आणि जीना येगर, बांधणी मोहावीच्या एका हँगरमध्ये, स्वयंसेवक आणि देणग्यांच्या जोरावर. १४ डिसेंबर १९८६ ला ते कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स तळावरून उडालं तेव्हा एकूण वजन होतं सुमारे ४,४०० किलो, त्यातलं सुमारे ३,१८० किलो नुसतं पेट्रोल. पंख इतके वाकले की टोकं धावपट्टीवर घासून झिजली.

इथे इंजिनं दोन आणि ती वेगवेगळी, निवड मुद्दाम केलेली. पुढचं काँटिनेंटलचं १३० हॉर्सपॉवरचं, नेहमीसारखं हवेने थंड होणारं. मागचं ११० हॉर्सपॉवरचं, पण त्याच कंपनीने खास पाण्याने थंड होईल असं केलेलं. सुरुवातीला विमान जड असताना दोन्ही चालवायची. पेट्रोल जळून वजन उतरलं की पुढचं बंद करून एका इंजिनावर जायचं. अर्ध्या शक्तीवर दोन इंजिनं रखडवण्यापेक्षा एक नीट दाबून चालवलेलं कमी खातं.

मागचं पाण्याचं का? हवेने थंड होणाऱ्या इंजिनात सिलिंडर सारखे तापत नाहीत. जो जास्त तापतो त्याला सांभाळायला सगळ्यांनाच जरा जास्त पेट्रोल पाजावं लागतं. म्हणजे पेट्रोल जाळायला नव्हे, गारवा द्यायला खर्च होतं. पाण्याने तापमान एकसारखं राहिलं की कॉम्प्रेशन वाढवता येतं आणि मिश्रण पातळ ठेवता येतं. हे वाचलेले दहा-पंधरा टक्के एका तासाच्या फेरीत दिसणारही नाहीत. नऊ दिवसांत मात्र पोचणं आणि समुद्रात पडणं यांतला फरक तेवढाच असतो.

२३ डिसेंबरच्या पहाटे, घर काही तासांवर आलेलं असताना, मेक्सिकोच्या किनाऱ्याजवळ मागचं इंजिन बंद पडलं. पेट्रोल होतं, पण इंजिनापर्यंत पोचत नव्हतं. खाली अंधार आणि पाणी. काही मिनिटं ते विमान नुसतं तरंगत खाली येत होतं, आणि मग कित्येक तास गप्प असलेलं पुढचं इंजिन सुरू झालं. नंतर मागचंही सुरू झालं. नऊ दिवस ३ मिनिटं ४४ सेकंदांनी ते एडवर्ड्सला उतरलं तेव्हा टाक्यांत सुमारे ४८ किलो पेट्रोल शिल्लक होतं.

हिशोब केला. ४०,२१२ किलोमीटर, साधारण ४,३५० लीटर. लीटरला नऊ-सव्वानऊ. क्विकीच्या पाव सुद्धा नाही. पण ही जगातली सगळ्यात काटकसरी विमानफेरींपैकी एक होती. नुसता आकडा बघितला तर हे दिसत नाही, म्हणून त्या आकड्याबद्दल अजून थोडं.

वैमानिकाचा हात

विमान हळू चालवलं की ॲव्हरेज वाढतंच. मग जोरात जायचं की नाही? अमेरिकन नौदल अकादमीतले प्राध्यापक कार्सन यांनी १९८० च्या सुमारास याचं छान उत्तर काढलं. ज्या वेगाला विमान सगळ्यात लांब तरंगतं, त्याच्या १.३२ पट वेगाने जा. तिथे वेग ३२ टक्के वाढतो, हवेचा अडथळा मात्र १६ टक्क्यांच्या आसपासच. वाढवलेल्या वेगामागे सगळ्यात कमी उधळपट्टी इथे होते. याच काळात कॅलिफोर्नियातल्या सांता रोझाला 'कॅफे' नावाच्या स्पर्धा भरायच्या. तिथे निव्वळ ॲव्हरेजला बक्षीस नव्हतं. वेग, ॲव्हरेज आणि नेलेलं वजन या तिन्हींचा गुणाकार धरायचे. लबाडीला जागा नाही :)

दुसरी गोष्ट मिश्रणाची. वर जावं तशी हवा विरळ होते, पेट्रोल तेवढंच राहतं. थंडीत सकाळी बाइकचा चोक ओढला आणि तसाच ऑफिसपर्यंत गेलात तर जे होईल तेच. म्हणून जुन्या विमानांत मिश्रण पातळ करायची वेगळी दांडी असते. १९४४ मध्ये चार्ल्स लिंडबर्ग (अटलांटिक एकट्याने ओलांडणारा तोच) न्यू गिनीत पी-३८ च्या तरुण लढाऊ वैमानिकांना हेच शिकवत होता: आरपीएम कमी ठेवा, मिश्रण पातळ ठेवा, दाब वाढवा. विमानं तीच, इंजिनं तीच, पल्ला शेकडो किलोमीटरनी वाढला. पोरांना आधी वाटलं इंजिनं जळतील. नाही जळली.

मग इंजिन कुठलं घ्यावं?

१९८९ मध्ये ऑस्ट्रियाच्या रोटॅक्सने ९१२ हे इंजिन आणलं. ८० हॉर्सपॉवर, १.२ लीटर, सिलिंडरची डोकी पाण्याने आणि अंग हवेने थंड होणारं, मोटारीसारखं वेगात फिरणारं, पण गिअरबॉक्स कंपनीने स्वतःच जोडून तपासलेला, आणि चालतं साध्या मोटारीच्या पेट्रोलवर. म्हणजे जो तुकडा पन्नास वर्षं हौशी लोकांना मारत होता, तो कारखान्याने आपल्या अंगावर घेतला. माझ्या मते याचं यश इंधनात नाही, इथे आहे. आपल्याकडे बंगळुरूच्या एनएएलने केलेलं 'हंसा' विमानही रोटॅक्सच्याच इंजिनावर उडतं.

अमेरिकन नियमांतही हे शहाणपण मुरलेलं आहे. घरगुती विमानाला आधी चाचणीचे तास एका ठरावीक परिसरातच काढावे लागतात. प्रमाणित इंजिन आणि त्याला ठरलेला प्रोपेलर असेल तर साधारण २५ तास, नसेल तर ४०. तिथल्या अपघात तपास मंडळाने २०१२ मध्ये घरगुती विमानांचा खास अभ्यास केला. सगळ्यात जास्त आढळलेल्या दोन कारणांपैकी एक होतं विमानावरचा ताबा जाणं आणि दुसरं इंजिनाने दगा देणं. पेट्रोल जास्त पिणं यादीत नव्हतं.

आपल्याकडे हा छंद म्हणावा असा रुजलेला नाही, पण कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव सगळ्यांना आठवत असतील. २०१६ च्या बीकेसीतल्या प्रदर्शनात ते विमान ठेवलं होतं. २०१७ मध्ये नोंदणी झाली, २०१९ मध्ये उडवायची परवानगी मिळाली आणि २०२० मध्ये ते धुळ्यात उडालं. गच्चीपासून धावपट्टीपर्यंत इतकी वर्षं.

उद्या आपल्यापैकी कुणाच्या डोक्यात हे खूळ शिरलं, तर या इतिहासातून माझी यादी अशी: आधी हातात असलेलं, चालू, कुणीतरी हजारो तास वापरलेलं इंजिन. मग त्याच्याभोवती विमान, शक्य तितकं हलकं आणि गुळगुळीत. मग उडवायला शिकताना ती मिश्रणाची दांडी नीट समजून घेणं. पेट्रोल वाचवायचं ते या दोन शेवटच्या पायऱ्यांवर वाचवा. पहिल्या पायरीवर पैसे वाचवायला गेलेल्यांची नावं आज अपघातांच्या अहवालांत वाचायला मिळतात.

असो. लेख फारच लांबला, आणि सोमवारी सकाळी एका थर्ड पार्टी लायब्ररीचं अपग्रेड माझीही वाट बघतंय.